लग्नातल्या शालूची जर कशी सांभाळली

कृष्णाकाठच्या आमच्या सांगलीतील घरात पावसाळ्यात कपाटातही दमटपणा शिरतो. आईने लग्नात नेसलेल्या बनारसी शालूची जर घड्यांच्या रेषांवर काळवंडल्याचे आणि काठाजवळ रेशीम विरल्याचे गेल्या वर्षी माझ्या लक्षात आले. खऱ्या जरीत चांदीची तार असते. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे ती काळी पडते आणि ओलाव्यात ही क्रिया वाढते. तो काळेपणा घासणे मला मुळीच मान्य नव्हते, कारण त्यासोबत तारेवरचा सोन्याचा पातळ मुलामाही निघून जातो. म्हणून शालू सावलीत पसरून मऊ ब्रशने धूळ झाडली, विरलेल्या जागी रफूगाराकडून मागून रेशमी कापड टाचून घेतले आणि खळ काढलेल्या, स्वच्छ धुतलेल्या मलमलीत तो गुंडाळला. प्लॅस्टिकची पिशवी नकोच. तिच्यात ओलावा कोंडतो. डांबरगोळ्याही जरीला लागू देत नाही. सर्वांत जपायची ती घडी: मधूनमधून, कोरड्या दिवशी, शालू उलगडून मी नव्या रेषेवर घडी घालते आणि घडीच्या पोटात मलमलीची सैल गुंडाळी ठेवते, जेणेकरून तार एकाच जागी वारंवार मोडत नाही. जुना काळसरपणा तसाच आहे, परंतु यंदाच्या पावसाळ्यात तो पुढे सरकला नाही.