पावसाळ्यात घरात माश्या झाल्यात? नुसत्या मारत बसू नका

आंबे संपत आले, पाऊस सुरू झाला की आमच्याकडे दरवर्षी माश्या. मी आधी रॅकेट घेऊन संध्याकाळभर चट चट करत फिरायचो, दहा मारल्या की दुसऱ्या दिवशी वीस हजर. मग एकदा ओल्या कचऱ्याच्या डब्यातली पिशवी बाहेर काढली तर तळाला बोटभर घाण पाणी आणि त्यात भाताच्या शितांएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळताहेत! म्हणजे माश्या बाहेरून येत होत्या थोड्या, बाकी सगळ्या आम्हीच पाळलेल्या.

तर पहिलं काम, त्या कुठे होताहेत ते शोधा. एक मादी एका वेळेला शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि उबदार हवेत अंड्यापासून उडणारी माशी व्हायला ७ ते १० दिवस पुरतात. त्यामुळे ओला कचरा रोज घंटागाडीत गेलाच पाहिजे, आणि नुसती पिशवी बदलून भागत नाही, डबा घासून उन्हात नाहीतर पंख्याखाली कोरडा करायचा. आंब्याच्या कोयी, साली, मासळीचं काही असेल तर कागदात घट्ट गुंडाळून टाका. घरी कंपोस्ट करत असाल तर दर वेळी वरून कोकोपीट किंवा सुका पाला जाडसर घाला, ओला थर उघडा दिसता कामा नये. डब्याच्या मागचा कोपरापण झाडा, कारण अळ्या कोष करायला कोरड्या जागी सरकतात, ते तपकिरी, जाडसर दाण्यासारखे दिसतात.

केळ्यांवर घोंगावतात ती चिलटं वेगळी बरं का, त्यांना वाटीत थोडं व्हिनेगर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एकच थेंब टाकून ठेवा. वासाने येतात, आणि साबणामुळे पाण्याचा ताण मोडतो म्हणून बसल्या बसल्या बुडतात. सकाळी वाटी काळी झालेली असते. मोठी माशी मात्र याला फारशी भुलत नाही, तिच्यासाठी चिकट कागद बरा, पण तो जेवणाच्या टेबलावर टांगू नका, आमच्याकडे एकदा पाहुण्यांच्या केसांना चिकटला होता.

जेवताना पंखा फुल्ल ठेवा, वाऱ्यात माशीला नीट बसता येत नाही. खिडकीला वेल्क्रोची जाळी लावा. माशी घट्ट खाऊ शकत नाही, आधी त्यावर लाळ ओकते आणि मग चोखते, हे मुलांना सांगितल्यापासून आमच्याकडे ताटं आपोआप झाकली जातात. कापूर, पुदिना, लिंबात लवंगा वगैरे सगळं करून पाहिलं, वास छान येतो एवढंच. स्प्रे मारायचाच असेल तर आधी अन्न झाका आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, पण डब्यातल्या अळ्यांना त्याने काही होत नाही.

आणि डबा घासल्यावर लगेच माश्या गेल्या नाहीत म्हणून चिडू नका, आधीच झालेले कोष फुटत राहतात, आमच्याकडे आठवडाभर तरी दिसत होत्या. त्यानंतरही कमी झाल्या नाहीत तर शेजाऱ्यांचा जिन्यातला डबा बघून या.