पोवळं हवं, पण प्रवाळ नको?

रामकुंडाजवळच्या माळांच्या दुकानांत ‘पोवळं’ म्हणून लाल मणी सर्रास दाखवतात. खरं पोवळं म्हणजे समुद्रातल्या प्रवाळ नावाच्या इवल्याशा जिवांचा सांगाडा. मोती आणि शिंपल्याचे मणीही समुद्री जिवांपासूनच येतात. दागिन्यात प्राण्यांचं काही नको असेल, तर दुकानदाराच्या ‘सगळं आर्टिफिशियल आहे ताई’वर विसंबू नका.

एक जादा मणी घरी आणा. भोकाजवळ सुईने थोडं खरवडा आणि तिथे लिंबाच्या रसाचा थेंब सोडा. पाच मिनिटं भिंगातून बघा. पोवळं, मोती, शिंपला तिन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, त्यामुळे बारीक बुडबुडे सुटतात. काच आणि प्लास्टिक ढिम्म. (संगमरवरही फसफसतो, तेवढं लक्षात असू द्या.) उधार आणलेल्या माळेवर मात्र हा प्रयोग करू नका!

‘शेल पर्ल’ नावाला भुलू नका, तो शिंपल्यापासूनच बनवतात. काही काचेच्या मोत्यांवरची चमकही माशांच्या खवल्यांची असते. लेप कसला, ते विचारून घ्या. लाखेचे मणी किड्यांच्या रसाचे, म्हणून तेही बाद.

मग वापरायचं काय? लाल रंगासाठी काच किंवा भाजलेली माती. पांढऱ्या-राखाडीसाठी माझी पसंती वैजयंतीच्या बियांना: भोक निसर्गतःच असतं, शिवाय गुळगुळीत. रुद्राक्ष, तुळस आहेतच. गुंजा दिसतात देखण्या, पण विषारी. घरात लहान मूल असेल तर नकोच.

आणि ओवायला रेशमाऐवजी नायलॉनचा दोरा घ्या.