रास्पबेरी पायवर व्हीपीएन चालत नाहीये? या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन (नेटचा ट्रॅफिक सुरक्षित बोगद्यातून, म्हणजे टनेलमधून नेणारी सोय) चालेना झालं की बरेच जण थेट मेमरी कार्ड फॉरमॅट करतात, नवीन ओएस टाकतात आणि परत पहिल्यापासून सगळं. कृपया हे करू नका. बहुतेक वेळा वायरगार्डचा (म्हणजे व्हीपीएन चालवणाऱ्या प्रोग्रामचा) दोष नसतोच, खाली कुठेतरी घड्याळ, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी यंत्रणा) नाहीतर पॉवरची भानगड असते आणि ओएस बदललं तरी ती तशीच राहते.

आधी सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारी कमांड) लावून 'डब्ल्यूजी शो' चालवा आणि 'लेटेस्ट हँडशेक' (पाय आणि सर्व्हरची एकमेकांशी ओळख पटणं) ही ओळ आहे का बघा. ओळच नाही, 'सेंट' (पाठवलेला डेटा) वाढतंय आणि 'रिसीव्ह्ड' (आलेला डेटा) शून्यावर अडकलंय, म्हणजे सर्व्हरकडून उत्तरच येत नाहीये. मग पोर्ट बघा (सहसा ५१८२०, आणि तो यूडीपी असतो, राउटरवर टीसीपी उघडून काही उपयोग नाही), मग कीज (ओळख पटवणाऱ्या किल्ल्या). कॉन्फिग फाइलच्या पीअर सेक्शनमध्ये सर्व्हरची पब्लिक की लागते, तिथे हमखास स्वतःचीच पेस्ट केलेली असते. वायरगार्ड चुकीच्या कीला एररसुद्धा देत नाही, नुसता गप्प बसतो, म्हणून माणूस तासन् तास भलतीकडेच शोधत राहतो.

आता सगळ्यात छळणारी केस. काल मस्त चालत होतं, लाइट जाऊन आली आणि तेव्हापासून बंद, कॉन्फिगला तर कोणी हातही लावला नाही. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही, पाय ५ वर आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. त्यामुळे बोर्ड उठतो तो शेवटी सेव्ह झालेली जुनी वेळ घेऊन. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये टाइमस्टॅम्प जातो आणि आधीच्यापेक्षा जुना टाइमस्टॅम्प आला की सर्व्हर तो चुपचाप टाकून देतो. त्यात तुम्ही अलाउड आयपीजमध्ये (कुठला ट्रॅफिक टनेलमधून जाईल ते ठरवणारी कॉन्फिगची ओळ) ०.०.०.०/० टाकून सगळा ट्रॅफिक टनेलमधून वळवलेला, म्हणजे वेळ सिंक व्हायला टनेल हवा आणि टनेलला बरोबर वेळ हवी! 'टाइमडेटसीटीएल'ने घड्याळ बघा, मागे असेल तर टनेल बंद करा, वेळ सिंक होऊ द्या, मग परत चालू करा. कायमचा इलाज म्हणजे सिस्टिमडीची (पायवरच्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्राम) टाइम-वेट-सिंक सर्व्हिस एनेबल करायची आणि टनेलच्या सर्व्हिसला 'आफ्टर' मध्ये टाइम-सिंक टार्गेट द्यायचं. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या व्हीपीएन प्रोग्रामलाही चुकीची वेळ चालत नाही, फक्त तो निदान सर्टिफिकेट अजून व्हॅलिड नाही असं लॉगमध्ये सांगतो तरी.

हँडशेक होतोय, पिंग जातंय, पण साइट्स अर्धवट उघडतात? एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार. वायरगार्ड सहसा १४२० घेतो, काही कनेक्शनवर ते जास्त होतं, इंटरफेस सेक्शनमध्ये १२८० टाकून बघा, चाललं तर हळूहळू वाढवा.

टनेल चालू करताना 'रिझॉल्व्हकॉन्फ कमांड नॉट फाउंड' आलं तर घाबरू नका, कॉन्फिगमधल्या डीएनएसच्या ओळीला ते लागतं, ओपनरिझॉल्व्ह इन्स्टॉल करा. ती ओळच उडवायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मग तुमच्या डीएनएस क्वेरीज जुन्याच सर्व्हरकडे जाऊ शकतात, तसं करू नका. आणि आयपीव्ही६ (नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर अलाउड आयपीजमध्ये ::/० पण टाका, नाहीतर तेवढा ट्रॅफिक टनेलच्या बाहेरूनच जातो.

एकच कॉन्फिग फाइल पाय आणि फोन दोन्हीकडे टाकणं तर अजिबात नको. की एकच असल्यामुळे सर्व्हर शेवटी ज्याच्याकडून पॅकेट आलं त्यालाच उत्तर देतो, मग कधी हा बंद कधी तो बंद, आणि दोष मात्र नेटला. प्रत्येक डिव्हाइसला वेगळी की आणि वेगळा आयपी द्या.

टनेल मधूनच तुटत असेल, तेही लोड आल्यावर, तर कर्नल लॉगमध्ये 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' शोधा. सापडलं तर कॉन्फिग सोडा आणि आधी अ‍ॅडॉप्टर आणि केबल बदला, फोनचा कुठलाही चार्जर चालेल असं धरून चालू नका.