डिप्रेशनची गोळी बदलताना या चुका टाळा

‘दादा, ही गोळी मला सूट होत नाही, दुसरी द्या.’ परळला मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून हे वाक्य सतत कानावर पडतं. त्रास खोटा नसतो. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीन ही डिप्रेशनची औषधं सुरू केली की सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, पातळ जुलाब, झोपेचं खोबरं हे बऱ्याच जणांना होतं. गोळी बदलून मिळू शकते आणि कधी कधी ती बदलायलाच हवी. पण तो निर्णय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हायला हवा, आमच्या काउंटरवर नाही. आणि खरा घोळ नवी गोळी निवडताना होतच नाही, तो होतो जुनी सोडताना.

जुनी गोळी एका झटक्यात बंद करणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात जास्त छळणारी चूक ही. आमच्याकडे नालासोपाऱ्याहून लोअर परळला कामाला येणारा एक मुलगा आहे. व्हेन्लाफॅक्सिनवर होता. मन सावरलं होतं, पण घामाने हैराण. ऑक्टोबरात ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा लागायचा. डॉक्टरांनी सर्ट्रालीनवर न्यायचं ठरवलं. जुनी कशी कमी करायची, नवी कधी वाढवायची, सगळं चिठ्ठीवर लिहून दिलं. त्याला ते वेळकाढूपणाचं वाटलं. शुक्रवारी जुनी बंद, सोमवारी नवी सुरू, असा त्याने परस्पर शॉर्टकट मारला.

मंगळवारी गाडीत चक्कर. मान वळवली, डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. बोरिवलीला उतरून बाकावर बसून राहिला. संध्याकाळी आमच्याकडे आला तो नव्या गोळीला शिव्या देतच, आणि तोवर तीही बंद करून टाकली होती. मी एवढंच विचारलं, ‘जुनी शेवटची कधी घेतलीस?’ ते झटके नवीचे नव्हतेच, जुनी तडकाफडकी सोडल्याचे होते. व्हेन्लाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटीन शरीरातून भराभर निघून जातात, म्हणून ती सोडताना हा त्रास जास्त होतो. त्याच्यासमोर डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी जुनी परत सुरू करून टप्प्याटप्प्याने उतरवायला सांगितली. दोन-तीन दिवसांत झटके थांबले, आणि ज्या सर्ट्रालीनला तो शिव्या देत होता तेच आज त्याला व्यवस्थित चालतंय.

अशा वेळी लोक चांगल्या औषधावर कायमची फुली मारतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुढच्या डॉक्टरांनाही सांगतात, ‘सर्ट्रालीन घेऊन बघितलं, झेपत नाही.’ हातचा एक पर्याय उगाच गेला.

माझी सवय सांगतो. औषध बदललं की पेशंटला कालनिर्णयच्या चौकोनात रोज तीन गोष्टी लिहायला सांगतो: जुनी किती घेतली, नवी किती घेतली, काय त्रास झाला. दोन ओळी पुरतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ते पान ठेवलं की त्रास गोळीचा की गोळी सोडल्याचा, हे त्यांना ओळखता येतं.

डोस कमी करायचा म्हणून गोळी अंदाजाने मोडू नका. व्हेन्लाफॅक्सिनची हळूहळू विरघळणारी कॅप्सूल किंवा डेसव्हेन्लाफॅक्सिनची गोळी मोडली, चावली की दिवसभराचं औषध एकदम सुटतं. व्हेन्लाफॅक्सिन ३७.५ आणि ७५ मिलीग्रॅममध्ये मिळतं, त्याची वेगळी चिठ्ठी घ्या.

‘प्लस’कडे दुर्लक्ष

आपल्याकडे एसिटालोप्राम बऱ्याचदा क्लोनाझेपामबरोबर, म्हणजे घबराट कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधाबरोबर, एकाच गोळीत येतं. नाव तेच, पुढे फक्त ‘प्लस’ किंवा एखादं अक्षर. लालबागच्या एक काकू ही गोळी कित्येक वर्षं घेत होत्या. दिवसा झापड येते म्हणून त्यांनी ‘डिप्रेशनची गोळी’ बंद केली. चार रात्री डोळ्याला डोळा नाही, हात थरथरायला लागले, छातीत धडधड. मी स्ट्रिप उलटी करून ट्यूबलाइटखाली धरली आणि ब्रँडच्या खालची बारीक ओळ त्यांना वाचायला लावली: एसिटालोप्राम १० मिलीग्रॅम, क्लोनाझेपाम ०.५ मिलीग्रॅम. एक गोळी सोडली म्हणजे दोन औषधं एकदम सोडली, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. झापड बहुतेक क्लोनाझेपामचीच असणार. पण बरीच वर्षं घेतलेलं क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, म्हणून त्यांच्या मुलाला त्याच दिवशी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं. स्ट्रिपची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, एवढं माझं ऐका.

बाकीची औषधं न सांगणं

कंबरदुखीसाठी हाडांचे डॉक्टर ड्युलॉक्सेटीन देतात. तेही याच घराण्यातलं औषध आहे, पण पेशंटच्या लेखी ती ‘कमरेची गोळी’. त्यात दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल, पावसाळ्यात डेक्स्ट्रोमेथॉर्फनवालं खोकल्याचं सिरप, आणि बदलाच्या काळात दोन्ही डिप्रेशनच्या गोळ्या. सगळं मिळून सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन नको इतकं वाढू शकतं. ताप, दरदरून घाम, थरथर, स्नायू ताठणं, जुलाब, भ्रमिष्टासारखं बोलणं असं एकत्र दिसलं तर मेडिकलमध्ये येऊ नका. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा आणि सगळ्या स्ट्रिपा सोबत न्या.

आणखी काही चुका

आठव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बदल मागणं. फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. मळमळ मात्र बहुतेकांची पहिल्या एक-दोन आठवड्यांत ओसरते. ती जेवणानंतर गोळी घेतली तर कमी जाणवते.

मेव्हण्याने जशी बदलली तशी आपण बदलणं. फ्लुओक्सेटीन बंद केल्यावरही कित्येक आठवडे अंगात राहतं, त्याचं वेळापत्रक पॅरोक्सेटीनला लावून कसं चालेल?

लैंगिक इच्छा कमी झाली हे लाजेने लपवणं आणि गुपचूप गोळी सोडणं. हा त्रास आपोआप जाईलच असं नाही. पण डॉक्टरांनी मिर्टाझेपीन किंवा बुप्रोपियॉनवर नेलं तर तो कमी होऊ शकतो, फक्त मिर्टाझेपीनने झोप आणि वजन वाढू शकतं. डॉक्टरांना सरळ सांगा, त्यांना यात काही नवं नसतं.

साठीपुढच्यांना गोळी बदलल्यावर ग्लानी आली, बोलण्यात गोंधळ वाटला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं, बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर जास्तच. रक्त तपासून घ्या.

नव्या गोळीवर दोन-तीन तास झोपूनही अंगात वारं संचारल्यासारखा उत्साह, धडाधड खर्च, अखंड बडबड सुरू झाली तर ‘गोळी लागू पडली’ म्हणून खूश होणं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पंचविशीच्या आतल्या मुलांना पहिले काही आठवडे एकटं सोडणं. नवी गोळी सुरू करताना किंवा डोस बदलताना काहींची अस्वस्थता आणि मरणाचे विचार वाढू शकतात. घरातल्या एकाने रोज स्पष्ट विचारायचं. मुलगा किंवा मुलगी हो म्हणाली तर जवळ थांबायचं, घरातल्या गोळ्या कुलुपात ठेवायच्या आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा. डॉक्टर मिळत नसतील तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. जीवाला धोका वाटत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.