मुलांना पहिल्यांदा भूतबंगल्यात नेताना

माझ्या मोठ्या मुलीला मी सहाव्या वर्षी जत्रेतल्या भूतबंगल्यात नेलं. "काही नसतं गं, चल" म्हणत, जवळजवळ ओढतच. दुसऱ्या वळणापर्यंत ती किंचाळत होती, मग एकदम गप्प झाली. बाहेर आल्यावरही बोलेना. पुढचे दोन महिने रात्री एकटी बाथरूमला जात नव्हती. त्या गप्प होण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. धाकट्याच्या वेळी सगळं वेगळं केलं. त्यातून जे हाती आलं, ते इथे लिहिते आहे.

१. आधी तुम्ही एकटे आत जाऊन या

सोलापूरचा गड्डा असो किंवा तालुक्याच्या गावची जत्रा, आकाशपाळणे आणि मौत का कुआँच्या आसपास भूतबंगला सापडतोच. तिकीट काढा आणि मुलाला दुसऱ्या कुणाकडे सोपवून आधी स्वतः फिरून या. आत किती वळणं आहेत, नुसते पुतळे आहेत की मुखवटा घालून माणूस अंगावर येतो, तो हात लावतो का, हे बघा. पुतळ्याला न घाबरणारं मूल अंगावर धावून येणाऱ्या माणसाला मात्र घाबरतं, आणि फार लहान मुलांना तर नुसता मुखवटाही सोसत नाही.

त्याच फेरीत बाहेर पडायची वाट पाहून ठेवा. मधूनच बाहेर काढता येईल असं दार किंवा पडदा कुठे आहे, वायरी लोंबकळत आहेत का, आग विझवायची सोय दिसते का. ही उगीचची काळजी नव्हे. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मनोरंजन उद्यानातल्या भूतबंगल्याला आग लागली आणि आठ किशोरवयीन मुलं गेली. आपल्याकडचा मांडव कापडाचा, लाकडाचा, प्लायवूडचा. वाट दिसली नाही, तर मुलाला तिथे नेऊ नका. त्यापेक्षा पाळण्यात बसवा.

२. मूल तयार आहे का, ते वयावरून ठरवू नका

चार-पाच वर्षांच्या मुलाला "हे खोटं आहे" हे घरात पटतं, पण अंधारात घाबरल्यावर ते टिकत नाही. म्हणून इतक्या लहानाला मी नेणार नाही. त्यापुढे मात्र वयापेक्षा स्वभाव बघा. लपाछपीत कुणी "भॉ!" केल्यावर मूल खिदळतं आणि "परत कर" म्हणतं, की रडवेलं होतं? गोष्टीतली हडळ आली की जवळ सरकून पुढे ऐकतं, की कान झाकतं? उत्तर तिथेच मिळतं.

आणि घरात "झोप, नाहीतर बागुलबुवा येईल" अशी धमकी चालत असेल, तर ती आधी बंद करा. बागुलबुवा खरा म्हणून रोज रात्री वापरायचा आणि भूतबंगल्याच्या दारात "भूतबित काही नसतं" म्हणायचं, यातलं मुलाने खरं काय मानावं?

दम्याचा त्रास असलेल्या मुलाला आतल्या कृत्रिम धुराने खोकला लागू शकतो. फिट येणाऱ्या मुलाला भराभर लुकलुकणारे दिवे घातक ठरू शकतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका.

३. भूत कसं बनतं ते घरी दाखवा

माझ्या धाकट्याला सगळ्यात जास्त उपयोग याचा झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रात्री एसटीच्या खिडकीशी बसलं की काचेत आपलाच चेहरा बाहेरच्या झाडांवर तरंगताना दिसतो. आत उजेड, बाहेर अंधार, मध्ये काच. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी हीच करामत रंगमंचावर दाखवली. मोठी काच तिरकी उभी केली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या जागी नटावर प्रखर उजेड टाकला, आणि त्याचं प्रतिबिंब भूत होऊन मंचावर फिरू लागलं. हेन्री डर्क्स यांच्या मूळ कल्पनेतून उभी राहिलेली ही युक्ती आजही मोठ्या उद्यानांतल्या भूतबंगल्यांत वापरतात.

घरी खोलीतला दिवा लावा, खिडकीबाहेर अंधार असू द्या आणि मुलाला बाहुली घेऊन काचेसमोर उभं करा. बाहुली बाहेर हवेत उभी दिसेल. दिवा बंद केला की भूत गायब. बटण मुलाच्याच हातात द्या. माझ्या मुलाने ते वीसेक वेळा तरी दाबलं असेल.

जत्रेतल्या युक्त्या याहून साध्या. चेहऱ्याला लागतात त्या टांगलेल्या सुतळ्या, मानेवर येतो तो पंख्याचा वारा, किंकाळ्या स्पीकरच्या. चमकणारा सांगाडा म्हणजे खास रंग आणि त्यावर पडणारा जांभळट उजेड. त्याच उजेडात मुलाचा पांढरा सदराही चमकेल, हेही सांगून ठेवा. सगळं सांगितल्यावर मजा जाईल असं वाटतं, पण आमचा मुलगा आत सुतळ्या शोधत फिरला आणि दोनदा दचकलाही.

४. खूण ठरवा

आत जाण्याआधी एक खूण पक्की करा. हात दोनदा दाबला की लगेच बाहेर, कारण विचारायचं नाही. आणि ती खरंच पाळा. रांगेत उभं राहून, तिकीट काढून झाल्यावर मूल दारातून मागे फिरलं, तरी पैशांचं बोलू नका. तिकीटवाल्यालाही सांगा की मूल पहिल्यांदा येतंय, आतल्या माणसाने जवळ येऊ नये. माझ्या अनुभवात बहुतेक जण ऐकतात.

सोबत येणाऱ्या मामाला किंवा मोठ्या भावंडांना आधीच बजावा की मागून ओरडायचं नाही, "भित्री भागूबाई" म्हणायचं नाही, मोबाइलवर रडण्याचा व्हिडिओ काढायचा नाही. या तिसऱ्या गोष्टीवर मी अजिबात ऐकून घेत नाही.

५. आत

दिवसाउजेडी, गर्दी कमी असताना जा. एका मोठ्यामागे एकच मूल. मूल मधे नको, बाजूला ठेवा, म्हणजे त्याला तुमचा चेहरा दिसतो. चालताना हळू बोलत राहा, "हा बघ पंखा आला." मूल हसत किंचाळत असेल तर चालू द्या. अंग ताठ झालं, बोलणं थांबलं, डोळे मिटून घेतले, तर खुणेची वाट बघू नका. उचला आणि बाहेर पडा.

६. बाहेर आल्यावर

लगेच "मज्जा आली ना?" विचारू नका. उसाचा रस घ्या, बसा, मूल आपणहून सांगेल ते ऐका. घरी आजीला सगळं पहिल्यापासून त्यालाच सांगू द्या. सांगताना भूत मोठं होत गेलं तरी मधे दुरुस्ती करू नका.

रात्री जाग आली तर दिवा लावा आणि जवळ झोपा. दुसऱ्या दिवशी कागद-खडू देऊन आतलं सगळ्यात भीतीदायक काय होतं ते काढायला सांगा. आमच्याकडे त्या चित्रातल्या सांगाड्याला सुतळ्या होत्या, आणि कोपऱ्यात एक पंखा.