दवाखान्यात जाण्याआधी कागदावर माणूस काढा

पाठ किंवा मान दुखते, पण डॉक्टरांसमोर बसलं की नेमकं सांगता येत नाही. आम्हा इंदूरच्या मराठी माणसांची आणखी एक पंचाईत: 'उसण भरली', 'कळ जाते', 'ठणकतं' याला हिंदीत काय म्हणायचं? सासूबाई रामबागेतून रिक्षाने गेल्या आणि 'बहुत दर्द है' एवढंच सांगून परत आल्या. पुढच्या खेपेला हे केलं:

१. कागदावर पाठमोरा माणूस काढा. कसाही चालेल, आमचा भोपळा झाला होता.

२. दुखतं तिथे फुली, मुंग्या येतात तिथे ठिपके. दुखणं हातापायात उतरत असेल तर बाण शेवटपर्यंत न्या. करंगळीकडे जातं की अंगठ्याकडे, यावरून कुठली नस दबली असावी याचा डॉक्टरांना अंदाज येतो, म्हणून इथे आळस नको.

३. खाली लिहा: कधीपासून, वाकल्याने वाढतं की बसल्याने, खोकताना कळ येते का, सकाळी पाठ किती वेळ आखडलेली असते.

४. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. नावं कुणाला आठवतात!

कागद पाहून डॉक्टरांनी थेट डाव्या पोटरीलाच हात घातला.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातलं बळ गेलं, किंवा पडल्यानंतर अथवा तापासोबत जोरात दुखू लागलं, तर चित्र काढत बसू नका. रात्र असली तरी एमवायची (इंदूरच्या महाराजा यशवंतराव सरकारी रुग्णालयाची) कॅज्युअल्टी गाठा.