खाऱ्या पाण्याच्या टाकीतील फॉस्फेटचा उगम असा शोधावा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत शेवाळ पुन्हा पुन्हा धरत असेल, तर त्याला पोसणारे फॉस्फेट शोषणारे माध्यम विकत घेण्याआधी हे फॉस्फेट येते कोठून हे शोधावे; त्यासाठी केवळ टाकीतील पाण्याची चाचणी पुरत नाही, कारण वाढते शेवाळ स्वतःच फॉस्फेट शोषून घेते आणि आकडा फसवा कमी दिसतो.

नागपुरात पहिला संशय वरून भरल्या जाणाऱ्या पाण्यावर घ्यावा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना टाकीतील पाणी झपाट्याने उडते, फॉस्फेट मात्र मागेच राहते, आणि नळाच्या किंवा जुन्या मेम्ब्रेनमधून आलेल्या आरओच्या पाण्याने रोज त्यात भर पडत जाते. टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण दाखवतो, फॉस्फेट वेगळे दाखवत नाही, म्हणून या पाण्याची स्वतंत्र फॉस्फेट चाचणी घ्यावीच.

ते निर्दोष निघाल्यास त्यात नवे मीठ विरघळवून तपासावे, मग गोठवलेले खाद्य आणि गाळणीतील सक्रिय कोळसा शुद्ध पाण्यात वेगवेगळे भिजवून ते पाणी तपासावे. सर्वांत दुर्लक्षित उगम म्हणजे टाकीतील दगड: कॅल्शियम कार्बोनेटचे हे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातील प्रमाण घटताच ते सोडू लागतात. एक लहान दगड ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत दोन-तीन दिवस ठेवून आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहावेत.

चाचणीच्या नळ्या साबणाने धुऊ नयेत. प्रवाळ असल्यास फॉस्फेट शून्यावर नेऊ नये. प्रवाळांनाही ते थोडे लागते.